‘महाराज’ सिनेमातले करसनदास मुळजी: खटल्याआधी साक्षीदार कसे उभे राहिले?

नेटफ्लिक्सवरचा ‘महाराज’ पाहिला असेल, तर करसनदास मुळजी हे नाव ओळखीचं असेल. सिनेमात कोर्टातली जुगलबंदी दिसते. पण खरी कसोटी त्याच्या आधीच लागली होती.

करसनदास १८३२ मध्ये मुंबईत, वैष्णव कपोळ वाणी घरात जन्मले. विधवाविवाहावर निबंध लिहिला म्हणून ऐन विद्यार्थिदशेत त्यांना घर सोडावं लागलं. १८५५ मध्ये त्यांनी ‘सत्यप्रकाश’ हे गुजराती साप्ताहिक काढलं.

२१ ऑक्टोबर १८६० च्या अंकात त्यांनी वल्लभ संप्रदायाच्या महाराजांवर भाविक स्त्रियांच्या शोषणाचा आरोप केला, तोही जदुनाथजी महाराजांचं थेट नाव घेऊन. महाराजांनी करसनदास आणि मुद्रक नानाभाई राणीना यांच्यावर मुंबईच्या सुप्रीम कोर्टात ५० हजार रुपयांचा बदनामीचा दावा ठोकला.

मुख्य बचाव हा होता: लिहिलं ते खरं आहे. पण असं म्हटलं की ते सिद्ध करायची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते. संप्रदायाचे ग्रंथ आणि त्यांची भाषांतरं पुरावा म्हणून मांडता येत होती. माणसं कुठून आणायची? ज्यांनी सगळं पाहिलं ते महाराजांचेच भक्त.

त्यातच भाटिया समाजाची बैठक झाली. महाराजांविरुद्ध साक्ष देईल तो जातीबाहेर, असं ठरलं. म्हणजे साक्षीदारांची यादी कोर्टात पोहोचायच्या आधीच कोरी करायचा डाव. (आज दिवाणी दाव्यात मुद्दे ठरल्यावर १५ दिवसांत साक्षीदारांची यादी द्यावी लागते. माणसं फोडली तर ती यादी काय कामाची?) करसनदास थेट कोर्टात गेले. मुख्य दाव्याआधी हा ‘भाटिया कट खटला’ चालला आणि पुढाऱ्यांना दंड झाला.

मग लोक पुढे आले. २५ जानेवारी १८६२ ला सुनावणी सुरू झाली. लखमीदास खिमजी, मथुरादास लवजी हे भाटियाच, तरी पिंजऱ्यात उभे राहिले. सगळ्यात जड साक्ष डॉक्टरांची ठरली. मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे डॉ. भाऊ दाजी लाड (भायखळ्याचं म्युझियम ज्यांच्या नावाचं आहे तेच) यांनी महाराज मंडळींवर गुप्तरोगाचे उपचार केल्याचं सांगितलं. करसनदासांच्या बाजूने ३३ साक्षीदार झाले, समोरून ३१.

२२ एप्रिल १८६२ ला निकाल लागला. करसनदासांचा बचाव कोर्टाने मान्य केला, खर्चापोटी ११,५०० रुपयेही मिळाले.

पुढच्याच वर्षी ते व्यापारासाठी इंग्लंडला गेले. साक्षीदारांना दाखवलेली बहिष्काराची भीती आता त्यांच्याच वाट्याला आली: समुद्र ओलांडला म्हणून जातीने त्यांना वाळीत टाकलं. नंतर काठियावाडच्या संस्थानांत कारभारी म्हणून काम करत असताना १८७१ मध्ये, ३९ व्या वर्षी ते वारले.