जंजिऱ्याचा सल

शिवाजी महाराजांचें चरित्र आपल्याकडे बहुधा विजयांची माळ म्हणूनच सांगितलें जातें. परंतु या थोर पुरुषाच्या मनांत अखेरपर्यंत एक सल राहिला होता. त्याचा आमच्या धरणगांवाशींही थोडा संबंध असल्यामुळें त्याविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

जंजिऱ्याचा सिद्दी हा कोंकण किनाऱ्यास कायमचा उपद्रव होता. त्याच्या पाठीशीं मोगल बादशहा, आणि पावसाळ्यांत त्याच्या आरमारास आसरा इंग्रजांच्या मुंबई बंदरांत! इंग्रज महाराजांशीं सलोख्याचें बोलत. पण त्यांचा सुरतेचा व्यापार मोगलांच्या मर्जीवर चाले, म्हणून सिद्दीस दूर लोटण्याचें धैर्य त्यांना होत नसे. १६७४ मध्यें राज्याभिषेकप्रसंगीं हेन्री ऑक्झेंडन रायगडीं आला व तह झाला. महाराजांनीं १६६१ मध्यें लुटलेल्या राजापूरच्या वखारीबद्दल १०,००० होन भरपाई ठरली. सिद्दीशीं समेट करावा ही इंग्रजांची विनंती मात्र महाराजांनीं मानिली नाहीं. मुळांतली गांठ तशीच राहिली.

त्याच वर्षीं इंग्रजांनीं मोगली अमलांतील धरणगांवीं वखार घातली. १६७५ मध्यें मराठी फौजेनें हें गांव लुटलें. १६७९ मध्यें पुन्हां लुटलें. वखारीच्या नुकसानीचा नवा तंटा उभा राहिला, आणि येथील पेठेची जी हानि झाली ती निराळीच. हें सांगण्यांत महाराजांची अप्रतिष्ठा होते असें आम्ही मानीत नाहीं. राज्याराज्यांतील तंट्यांचा भार अखेर रयत व व्यापारी यांजवर पडतो, हें झांकून लिहिलेला इतिहास कोणाच्याच उपयोगाचा नाहीं.

महाराजांचा जीव किती त्रासला होता, तें १६७५ च्या जानेवारींत प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक यास त्यांनीं धाडलेल्या पत्रांत दिसतें. जंजिऱ्याच्या तोंडासमोर पद्मदुर्ग वसविला असतां, आरमारासाठीं नेमून दिलेला ऐवज सुभेदारानें पोंचविला नाहीं. सिद्दीनें त्यास फितविलें कीं काय, असा संशय घेऊन महाराजांनीं त्याची कडक कानउघाडणी केली, आणि ब्राह्मण म्हणून त्याची गय होणार नाहीं हेंही स्वच्छ कळविलें. शत्रू हटत नाहीं म्हणून त्यांनीं दैवास दोष दिला नाहीं. आपल्याच कारभारांतील ढिलाई शोधली, आणि ती शोधतांना जात पाहिली नाहीं.

१६७९ मध्यें त्यांनीं मुंबईजवळील खांदेरी बेट बळकट करण्यास घेतलें. इंग्रजांशीं समुद्रावर झुंज झाली, पण बेट मराठ्यांकडेच राहिलें. इकडे सिद्दीनें शेजारचें उंदेरी घेतलें. ३ एप्रिल १६८० रोजीं महाराज निवर्तले. जंजिरा अजिंक्यच राहिला, आणि तें संस्थान थेट १९४८ मध्यें विलीन झालें.

महाराजांचा केवळ जयजयकार करण्यापेक्षां, न सुटणाऱ्या प्रश्नापुढें ते कसे वागले हें पाहणें अधिक हिताचें आहे. चिडावें, पण बोलणें तोडूं नये. आणि कसूर करणारा आपला असला तरी त्याची भीड धरूं नये. पेढीवर, नगरपालिकेंत व आपापल्या जातींत एवढें जरी आम्ही आचरिलें, तरी महाराजांचें स्मरण सार्थकीं लागेल.