रेव्हरंड टिळक : समाज आणि सहभागिता

यंदा इंग्रजीच्या तासाला सरांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले : कम्युनिटी आणि कम्युनियन. दोन्हींचे मूळ ‘समाईक’ या अर्थाच्या एकाच लॅटिन शब्दात आहे; मग दोघांत फरक काय, असे त्यांनी विचारले. पहिला म्हणजे समाज, हे आम्ही चटकन सांगितले. दुसऱ्यापाशी सारा वर्ग गप्प बसला.

त्याच आठवड्यात मी ग्रंथालयातून लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घरी नेली होती. सरांच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या पुस्तकातून ओळखीच्या झालेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या आयुष्यात सापडले. शाळेत ‘फुलामुलांचे कवी’ एवढीच त्यांची ओळख झाली होती.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. बालपणीची काही वर्षे मात्र त्यांनी आपल्या कल्याणला काढली. प्राथमिक शिक्षण तिथेच झाले. आईवर त्यांचा फार जीव होता आणि ती लवकर गेली. पुढे नाशिकला संस्कृतचे अध्ययन, लहान वयातच लग्न, आणि मग गावोगावची भटकंती. कधी शिक्षक, कधी कीर्तनकार, कधी संपादक. एका ठिकाणी ते फार दिवस टिकत नसत. डोक्यात एकच विचार घोळत असे, की जातींनी चिरफळ्या झालेला हा देश एक व्हायचा कसा?

१८९३ साली राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाशी त्यांचे बोलणे झाले. त्याने त्यांना बायबल वाचायला दिले. ते वाचता वाचता टिळकांचे मन पालटले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. चित्पावन ब्राह्मणाचा ख्रिस्ती झाला! नातेवाईक दुरावले. लक्ष्मीबाईंवर तर आकाशच कोसळले. लहानग्या दत्तूला घेऊन त्या चार वर्षांहून अधिक काळ आप्तांच्या आश्रयाने राहिल्या.

टिळकांनी समाज बदलला तो एका दिवसात. पाणी डोक्यावर पडले आणि एका समाजाच्या यादीतून नाव कमी होऊन दुसऱ्याच्या यादीत चढले. कम्युनिटी ही अशी असते. तिथे माणूस आत तरी असतो किंवा बाहेर तरी.

कम्युनियनला मराठी ख्रिस्ती लोक प्रभुभोजन म्हणतात. त्या विधीत सर्वांनी एकाच भाकरीचा आणि एकाच प्याल्याचा वाटा घ्यायचा असतो. यामागच्या भावनेला मराठी बायबलात ‘सहभागिता’ असा सुंदर शब्द आहे. ती मात्र एका दिवसात येत नाही, हे मला लक्ष्मीबाईंनी शिकवले.

त्या पतीकडे नगरला परत आल्या, पण सोवळे घेऊनच. अमेरिकन मराठी मिशनच्या वस्तीत, ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात, त्यांची चूल वेगळी आणि पाणी वेगळे. टिळक स्वभावाने तापट होते. क्षणात रागावत, क्षणात विरघळत. परंतु या एका बाबतीत त्यांनी पत्नीवर सक्ती केली नाही. नवरा-बायको एका छपराखाली आणि पंक्ती दोन! माणसांत जाती देवाने केलेल्या नाहीत, हे लक्ष्मीबाईंचे त्यांनाच पटले, तेव्हा कुठे त्या कोणाच्याही हातचे पाणी पिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यांनी १९०० साली घेतला. म्हणजे सहभागिता आधी पाण्याच्या घोटात आली, यादीतले नाव नंतर बदलले.

नंतर त्या घराला दारच उरले नाही म्हणा ना! दुष्काळातली अनाथ मुले आली, विद्यार्थी आले, पाहुणे तर नेहमीचेच. बालकवी ठोंबरे हिंदूच राहिले, पण ते टिळकांच्या घरात मुलासारखे वावरले. टिळक ख्रिस्ताची गाणी अभंग-ओव्यांत लिहीत आणि कीर्तन करीत. तुकोबांनीच आपल्याला ख्रिस्तापर्यंत पोचवले, असे ते मानत. देव बदलला म्हणून टाळ टाकून द्यायला ते तयार नव्हते.

पण नवा समाज झाला तरी तो समाजच. त्यालाही कुंपण होते. मिशनऱ्यांची राहणी निराळी आणि एतद्देशीय ख्रिस्ती लोकांची निराळी. जुन्या जातींच्या आठवणीही देवळाच्या दाराशी चपलांबरोबर काढून ठेवता येत नाहीत. हे टिळकांना सलत राहिले. अखेर १९१७ साली, छप्पन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्यांनी मिशनची पगारी चाकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या कोणालाही तिथे जागा होती, मग त्याने बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो. ज्या पाण्याने स्वतःचे घर दुभंगले, तेच पाणी त्यांनी दरबाराच्या दारात अट म्हणून ठेवले नाही.

९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. दरबाराला जेमतेम दोन वर्षे मिळाली आणि त्यांच्यामागे तो फोफावला नाही. समाज टिकतो, कारण त्याला जन्म, लग्न, वर्गणी यांचा आधार असतो. सहभागितेला असा आधार नसतो, ती रोज नव्याने करावी लागते.

समाज वाईट असे मी म्हणणार नाही. माझे वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात हेल्पर आहेत. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. पहिल्या वर्षाची माझी फी आमच्या समाजाच्या मंडळाने भरली, तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी आले होते. ते उपकार मी विसरणार नाही.

परंतु ‘स्मृतिचित्रे’ वाचत बसले असताना माझे लक्ष आमच्या फळीवर गेले. किसननगरच्या आमच्या चाळीत भिंतीला भिंत लागून घरे आहेत. शेजारच्या मावशींनी मला लहानपणी सांभाळले, आई आजारी असताना आमचे पाणी भरले. त्या आल्या की आई त्यांना आग्रहाने चहा देते. तो एका कान तुटलेल्या कपातून. तो कप विसळून वेगळा, फळीच्या टोकाला पालथा ठेवला जातो. एकोणीस वर्षे मी तो पाहत होते, पण मला तो दिसला नव्हता.

मी आईला विचारले. ती म्हणाली, “पूर्वीपासून तसंच आहे गं.” पुढे ती बोलली नाही, मीही वाद घातला नाही. लक्ष्मीबाईंना जिथे वेळ लागला, तिथे माझ्या आईला एका संध्याकाळी कोंडीत पकडणारी मी कोण? दुसऱ्या दिवसापासून मी माझा चहा त्या कपातून पिऊ लागले. आईने पाहिले. काही म्हणाली नाही. मात्र परवा भांडी लावताना तिने तो कप टोकाला नेला नाही, आमच्या कपांतच ठेवला. चुकून ठेवला की जाणून, ते मी अजून विचारलेले नाही.