बैलघोडा रुग्णालयाचा दाता

सर दिनशा माणेकजी पेटिट हे नाव मुंबईकरांस अपरिचित नाही. कापड गिरण्यांच्या इतिहासात ते येते, पारशी समाजाच्या दानधर्माच्या हकिकतींत येते, आणि जिनांच्या पत्नी रतनबाई या त्यांच्या पणती, एवढ्यापुरते ते राजकीय इतिहासातही डोकावते. महाराष्ट्रातील पशुवैद्यकाच्या शिक्षणाचा उगम ज्या दानापाशी जाऊन पोहोचतो ते दानही याच गृहस्थाचे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. बारावीचे निकाल लागले की आमच्या नवी मुंबईतील घराघरांत वैद्यकीय प्रवेशाच्या गुणांची बेरीज-वजाबाकी सुरू होते. एम.बी.बी.एस.ची आशा मावळल्यावर मग कोणीतरी अनिच्छेने ‘जनावरांच्या डॉक्टरकी’चा विषय काढतो. या अनिच्छेचे मूळ समजून घ्यावयाचे तर पेटिट यांच्या चरित्राकडे वळणे उपयोगाचे ठरेल.

दिनशांचे आजोबा नसरवानजी 1785 साली सुरतेहून मुंबईस आले आणि फ्रेंच जहाजांच्या व्यापाऱ्यांचे काम पाहू लागले. त्यांची ठेंगणी मूर्ती पाहून फ्रेंच मंडळींनी त्यांना ‘पेटिट’, म्हणजे लहानखुरा, म्हणण्यास आरंभ केला आणि तेच पुढे घराण्याचे आडनाव झाले. 30 जून 1823 रोजी दिनशांचा जन्म झाला. चौदाव्या वर्षी साकरबाईंशी त्यांचा विवाह झाला, आणि सतराव्या वर्षी ते एका इंग्रज पेढीत दरमहा पंधरा रुपयांवर कारकून म्हणून लागले. वडील त्याच पेढीचे दलाल होते, तेव्हा ही गरिबाघरच्या मुलाची कहाणी नव्हे; परंतु हिशेबाची वही खालपासून शिकण्याची संधी त्यांना मिळाली, आणि ती त्यांनी वाया घालविली नाही.

1861 ते 1865 या अमेरिकन यादवीच्या काळात मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेअरच्या वेडापायी शहरातील मोठमोठी घराणी 1865 मध्ये धुळीस मिळाली. पेटिट त्या सट्ट्यापासून दूर राहिले आणि राखलेले भांडवल त्यांनी गिरण्यांत घातले. वडिलांनी 1855 मध्ये ओरिएंटल गिरणीची उभारणी हाती घेतली होती. 1860 मध्ये माणेकजी पेटिट गिरणी निघाली. पुढील तीन दशकांत दिनशा हे मुंबईतील अग्रगण्य गिरणीमालक गणले जाऊ लागले.

त्या मुंबईची चाके वाफेवर फिरत असली तरी तिचा माल बैलाच्या खांद्यावरून जात असे, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कापसाच्या गासड्या खटाऱ्यांतून गिरणीत पोहोचत. 1874 मध्ये सुरू झालेली ट्राम घोडे ओढीत, आणि विजेची ट्राम यावयास 1907 साल उजाडावे लागले. खांद्याला जखमा झालेले बैल आणि डांबरी उतारावर कोसळलेली घोडी हे रस्त्यावरचे रोजचे दृश्य होते. जीवदयेची परंपरा शहरात होतीच. भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमावरून 1832 मध्ये मुंबईत दंगा झाला, आणि त्यानंतर दोन वर्षांनी जमशेटजी जिजीभाईंच्या पुढाकाराने पांजरपोळ उभी राहिली. परंतु पांजरपोळ म्हणजे आसरा. तेथे जनावर मरेपर्यंत जगे. बरे होऊन पुन्हा कामास लागावे अशी तेथील योजना नव्हती.

1874 मध्ये प्राण्यांवरील क्रौर्यास प्रतिबंध करणारी संस्था मुंबईत स्थापन झाली. तिच्या कार्यासाठी पेटिट यांनी दिलेल्या देणगीतून परळ येथे 1883 मध्ये पशुरुग्णालय उभे राहिले व त्यास साकरबाईंचे नाव देण्यात आले. लोकांनी मात्र त्याचे ‘बैलघोडा हॉस्पिटल’ करून टाकले. प्रस्तुत लेखकाच्या मते हे नामकरण अधिक नेमके आहे, कारण त्या काळच्या शहराची सारी वाहतूक त्या दोन शब्दांत सामावते. मग 2 ऑगस्ट 1886 रोजी याच रुग्णालयाच्या आश्रयाने मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. त्याचे पहिले प्राचार्य जे. एच. स्टील हे लंडनच्या पशुवैद्यक महाविद्यालयात अध्यापन केलेले लष्करी पशुवैद्य होते. 1885 मध्ये त्यांनी ब्रह्मदेशातील लष्करी खेचरांच्या सर्रा रोगाचा अभ्यास केला होता. 1891 मध्ये, ऐन उमेदीत, ते मुंबईतच वारले. पण पाच वर्षांत त्यांनी कामाची घडी बसविली होती. येथून ‘जी.बी.व्ही.सी.’ ही पदविका घेऊन बाहेर पडलेले तरुण पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत गेले.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या ठिकाणी थोडे थांबले पाहिजे. माणसाच्या उपचारासाठी माणूस घरदार विकतो. जनावराच्या उपचारावरील खर्च मात्र सामान्यतः जनावराच्या किमतीपलीकडे जाऊ शकत नाही. शिवाय घटसर्प, फऱ्या, लाळ्या खुरकूत हे रोग एका गोठ्यात राहत नाहीत. एकाने लस टोचून घेतली तर शेजाऱ्याचाही लाभ होतो, आणि त्या लाभाचे पैसे कोणी देत नाही. म्हणजे ज्या सेवेची समाजाला सर्वाधिक गरज आहे तिचे मोल बाजारात कधीच पुरते मिळत नाही. ट्राम कंपनीला आपल्या घोड्यांसाठी वैद्य पोसता येई. दख्खनच्या शेतकऱ्याला ते शक्य नव्हते. ही तूट दात्याने किंवा सरकारने भरून काढल्याखेरीज हा व्यवसाय उभा राहूच शकत नाही, आणि मुंबईत तिचा पहिला हप्ता एका गिरणीमालकाने भरला. 1887 मध्ये स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेलाही त्यांनी भायखळ्याला जागा मिळवून दिली. शिकलेला हात असल्याखेरीज यंत्रही चालत नाही आणि गोठाही चालत नाही, हे त्यांना कारखानदार म्हणून उमगले असावे.

मानसन्मान ओघाने आले. 1886 मध्ये ते मुंबईचे शेरीफ झाले, 1887 मध्ये ‘सर’ आणि 1890 मध्ये बॅरोनेट. त्यांच्या अखेरच्या वर्षांत मुंबईवर प्लेगची छाया होती, आणि 1899-1900 च्या दुष्काळात गुजरात व दख्खनमध्ये गुरे हजारोंनी मेली. 5 मे 1901 रोजी त्यांचे निधन झाले. तोपर्यंत परळच्या महाविद्यालयास अवघी पंधरा वर्षे झाली होती. एवढ्या मोठ्या आपत्तीपुढे त्याचे मूठभर पदविकाधारक किती पुरे पडणार?

पुढील शतकाने त्या प्रश्नाचे अंशतः उत्तर दिले. देशात 1954 पासून बुळकांडीविरुद्ध लसीकरणाची मोहीम चालली, आणि 2011 मध्ये हा रोग जगातूनच नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने पूर्णपणे नष्ट केलेला हा दुसराच रोग, आणि त्याचे बरेचसे श्रेय गावोगाव सुया टोचीत हिंडलेल्या पशुवैद्यांचे आहे. आता पदवीचा अभ्यासक्रम प्रशिक्षणासह साडेपाच वर्षांचा आहे. परळखेरीज नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथे महाविद्यालये असून ती 2000 साली स्थापन झालेल्या नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाकडे आहेत. पुढे पशुधन विकास अधिकारी, दुग्धसंघ, कुक्कुटपालन, लसनिर्मिती, लष्कराचे अश्व व पशुवैद्यक दल, प्राणिसंग्रहालये, बँका, विमा असे मार्ग खुले होतात. घरच्या कुत्र्यामांजरांचा दवाखाना हा त्यांतील एकच, जरी वाशी-नेरूळच्या पाट्या वाचून तो एकमेव वाटावा.

आणि गरज तर उघडच आहे. 2019 च्या गणनेत देशातील पशुधन साडेत्रेपन्न कोटींवर गेले. पाच हजार गुरांमागे एक पशुवैद्य असावा अशी शिफारस राष्ट्रीय कृषी आयोगाने 1976 मध्येच केली होती. 2022 मध्ये लम्पी रोग महाराष्ट्राच्या गोठ्यांत शिरला तेव्हा तालुक्याच्या एकेका डॉक्टरची किती ओढाताण झाली, ते ज्यांचे आईवडील अजून गावी आहेत त्यांस सांगावयास नको. दिनशांचे आजोबा ज्या बंदरात फ्रेंच जहाजांचा हिशेब ठेवीत त्याच्या समोरच्या तीरावर आज न्हावाशेवा आहे. तेथून परदेशी जाणाऱ्या म्हशीच्या गोठवलेल्या मांसाबरोबर पशुवैद्याच्या सहीचा आरोग्यदाखला जावा लागतो. ती सही नसेल तर माल पुढे सरकत नाही.