रंगाऱ्याची कन्या संत कॅथरिन

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आपल्या धर्मग्रामांतील भगिनींनीं, आणि आम्हां धर्मगुरूंनींही, सिएनाच्या संत कॅथरिन हिच्या चरित्राचें मनन करावें असें मनापासून वाटतें.

इटलींतील सिएना नगरांत इ. स. १३४७ सालीं जाकोमो बेनिन्कासा नामक रंगाऱ्याच्या घरीं तिचा जन्म झाला. भावंडें वीसांहून अधिक होतीं. ती उपवर होतांच घरच्यांनीं विवाहाचा घाट घातला, तेव्हां तिनें आपले केस कापून टाकिले. शिक्षा म्हणून घरचीं सारीं कामें तिच्या गळ्यांत पडलीं, तीं तिनें आनंदानें केलीं. अखेर पित्याचें मन द्रवलें व ती संत डॉमिनिक यांच्या तृतीय संघांत दाखल झाली. मठांत न जातां घरींच राहून तिनें प्रार्थनेचें व्रत चालविलें. पुढें रुग्णांची शुश्रूषा आरंभिली. इ. स. १३७४ च्या प्लेगांत, लोक आप्तांसही सोडून पळत असतां, ती रोग्यांच्या उशाशीं बसे. देहान्ताची शिक्षा झालेल्या एका तरुणास तिनें वधस्थानापर्यंत सोबत केली.

शाळेचें शिक्षण तिला नव्हतें. ती सांगे व दुसरे लिहून घेत. अशीं तिचीं सुमारें ३८० पत्रें उपलब्ध आहेत. तीं राण्यांस, सेनापतींस, बंदिवानांस, इतकेंच नव्हे तर प्रत्यक्ष पोप महाराजांसही लिहिलेलीं आहेत.

त्या काळीं पोप महाराज रोम सोडून फ्रेंच राजसत्तेच्या छायेंत आव्हिन्यों येथें राहत. इ. स. १३७६ सालीं फ्लॉरेन्सकरांच्या वतीनें तह करावयास ती तेथें गेली. ती शिष्टाई फसली; परंतु ग्रेगरी अकरावे यांस रोमला परतण्याविषयीं तिनें निर्भयपणें विनविलें. परतण्याचा त्यांचा मानस पूर्वींचाच होता, पण कार्डिनलांचा विरोध मोठा होता. डळमळत्या संकल्पास तिनें धीर दिला, आणि जानेवारी १३७७ मध्यें पोप महाराज रोमला पोहोंचले.

हा आनंद टिकला नाहीं. इ. स. १३७८ सालीं दोन पोप झाले व ख्रिस्तसभा दुभंगली. अर्बन सहावे यांच्या बोलावण्यावरून ती रोमला आली. त्यांची बाजू तिनें धरिली व त्यांच्या कठोरपणाबद्दल त्यांसही समजाविलें. याच चिंतेनें झिजून २९ एप्रिल १३८० रोजीं, वयाच्या ३३ व्या वर्षीं, तिनें देह ठेविला. ती फूट मिटलेली तिच्या दृष्टीस पडली नाहीं. ती मिटावयास १४१७ साल उजाडलें.

इ. स. १४६१ सालीं तिला संतपद मिळालें. १९७० सालीं पोप पॉल सहावे यांनीं तिला ख्रिस्तसभेची आचार्य म्हणून घोषित केलें.

भगिनींनो, विद्या नाहीं, अधिकार नाहीं, म्हणून सत्य सांगण्यास कचरूं नका. आणि आम्हां धर्मगुरूंस हें चरित्र एक प्रश्न विचारतें. पोप महाराजांनीं एका रंगाऱ्याच्या मुलीचें बोलणें ऐकून घेतलें. आमच्या देवळांत रुग्णांस भेटणाऱ्या, मुलांस धर्मशिक्षण देणाऱ्या बाया कांहीं सांगूं लागल्या, तर आम्ही तें ऐकतों काय?