सोवळ्यातून सेवेकडे

लक्ष्मीबाई टिळकांची सर्वसामान्य वाचकाला होणारी ओळख बहुधा ‘स्मृतिचित्रे’तील एखाद्या गमतीदार प्रसंगापुरती असते. विसराळू कविपती, त्यांचा उधळा हात आणि त्या साऱ्यातून संसार रेटणारी हजरजबाबी पत्नी, असे ते चित्र. चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. ज्या वर्षांत या बाईंचे अंतरंग पालटले ती वर्षे अहमदनगर जिल्ह्यात, आजच्या अहिल्यानगरात आणि राहुरीत, गेली. त्या वर्षांकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा, गोखल्यांच्या घरातला. वडिलांचे सोवळे विलक्षण कडक होते. बाहेरून आलेला जिन्नस धुतल्यावाचून त्या घरात शिरत नसे. स्पर्शाने माणूस बाटतो हा संस्कार मुलीच्या अंगी अक्षरओळखीच्याही आधी मुरला. अकराव्या वर्षी लग्न झाले, शाळेचे तोंड पाहिले नाही, आणि लिहिणे-वाचणे पतीकडून मिळाले तेवढेच. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा या संस्कारांत वाढलेल्या स्त्रीवर काय कोसळले असेल याची कल्पना आज करणेही अवघड आहे. पुढची चार-पाच वर्षे त्या पतीपासून दूर, आप्तांच्या आश्रयाने, कधी पंढरपुरास तर कधी नाशकास राहिल्या.

टिळक तोवर नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये दाखल झाले होते. हे मिशन नगरात १८३१ पासून काम करीत होते. लक्ष्मीबाई अखेर पतीकडे आल्या, पण आपले सोवळे, आपली चूल आणि आपले पाणी वेगळे ठेवून आल्या. धर्मांतराविषयी आपल्याकडे जी सरधोपट मते आहेत, त्यांत ही गोष्ट बसत नाही. पतीने बळजबरी केली नाही आणि पत्नीने त्याच्यामागून डोळे मिटून पाऊल टाकले नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच घातला आणि स्वतःच सोडवला. देवाने केला असता तर त्याची काही खूण माणसाच्या देहावर दिसली असती. ती दिसत नाही. म्हणजे हे माणसाचेच काम. एवढे पटल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा.

ते साल दुष्काळाचे होते. १८९९-१९०० च्या दुष्काळाने नगर जिल्हा होरपळून निघाला. मिशनचे डॉ. रॉबर्ट ह्यूम यांनी मदतीचे मोठे काम उभे केले, अमेरिकेतून पैसा आला, शेकडो पोरक्या मुलांना आसरा मिळाला. पण परदेशातून धान्याचा पैसा येतो, उपाशी पोराला न्हाऊमाखू घालून त्याच्या तोंडी घास देणारा हात येत नाही. तो इथल्याच माणसांना पुढे करावा लागतो. टिळकांच्या घरी अशी मुले येत, राहत आणि त्या घरचीच होऊन जात. त्यांची जात काय, हे विचारायला आता घरात कोणी उरले नव्हते.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. टिळकांचे औदार्य आपण कौतुकाने सांगतो. पगार वाटेतच वाटून टाकायचा, पाहुणा न सांगता घरी आणायचा. पण त्या औदार्याची किंमत स्वयंपाकघरात मोजली जात होती. दान पतीने केले आणि त्याची भरपाई पत्नीने श्रमांनी केली. याबद्दल लक्ष्मीबाईंनी तक्रार केली, थट्टाही केली. पण पाठ फिरवली नाही. पुढे बालकवी ठोमरे नगरास येऊन राहिले, त्यांनाही या घरात आई मिळाली ती याच बाईंच्या रूपाने.

मग प्लेग आला. १८९६ साली मुंबईत शिरलेला हा रोग पुढची कित्येक वर्षे महाराष्ट्रातील गावे ओस पाडीत होता. लोक घरे सोडून रानात झोपड्या घालीत, आणि काखेत गाठ दिसली की सख्खे नातेवाईकही दूर सरत. अशा वेळी लक्ष्मीबाईंनी प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा अंगावर घेतली. ज्या स्त्रीला एके काळी परक्याची सावलीही नको होती, तिने हे मरणाचे अंथरूण आपण होऊन आपलेसे केले. आधी श्रद्धा पक्की व्हावी, मग सेवा करावी, असा क्रम आपण गृहीत धरतो. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत तो उलटा दिसतो. धर्मशास्त्राची चर्चा त्यांनी फारशी केली नाही. रोग्याजवळ बसण्याचे बळ आपले नव्हे, ते कुठून तरी पुरवले जाते, हा अनुभव त्यांना काम करतानाच आला असावा. तो आधी आला असता, तर इतकी वर्षे घुटमळण्याचे कारणच पडते ना.

१९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बिनपगारी सेवेचे हे व्रत थोर खरे, पण त्याचा भार कोणावर पडला हे वेगळे सांगायला नको. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. पन्नाशी उलटलेल्या लक्ष्मीबाईंनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची देखरेख पत्करली. लोकांच्या लेकी सांभाळणे त्यांना नवे नव्हते.

टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ मात्र अकराव्या अध्यायाच्या आसपास अडून राहिले होते. शाळेत कधी न गेलेल्या या बाईंनी ते हाती घेतले आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला डोळे मिटण्यापूर्वी त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली.