विश्लेषण : एका गिनीचा क्लास, फसलेली भाषणं आणि तीन विद्यार्थी; गांधीजी इंग्रजी बोलायला कसे शिकले?

इंग्रजी वाचता येतं, लिहिताही येतं. पण बोलायची वेळ आली की शब्द घशात अडकतात. ही तक्रार आज घरोघरी ऐकू येते. महात्मा गांधींची तऱ्हा तरुणपणी याहून वेगळी नव्हती. लंडनहून बॅरिस्टर होऊन परतल्यावरही ती सुटलेली नव्हती. आत्मकथेत त्यांनी याचे प्रसंग एकामागून एक सांगितले आहेत, तेही काहीही न लपवता.

शाळेत इंग्रजी कसं होतं?

राजकोटच्या शाळेत चौथ्या इयत्तेपासून बहुतेक विषय इंग्रजीतून सुरू झाले आणि मोहनदास पुरते गोंधळले. भूमिती नवी, त्यात भाषाही परकी. युक्लिडच्या तेराव्या सिद्धांतापर्यंत पोहोचल्यावर कुठे भूमिती सोपी वाटू लागली. पुढे १८८८ मध्ये भावनगरच्या सामळदास कॉलेजात प्राध्यापक काय शिकवतात हेच कळेना. एक सत्र काढून ते घरी परतले.

बोटीवर काय घडलं?

४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून बोट निघाली. गांधी तेव्हा १८ वर्षांचे होते. सोबतीला जुनागढचे वकील त्र्यंबकराय मजमुदार होते. बाकीचे सहप्रवासी इंग्रज. कोणी काही विचारलं तर आधी समजायचं नाही आणि समजलं तरी उत्तराचं वाक्य मनात जुळवल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. तोवर समोरचा पुढे निघून जायचा. मग गांधी केबिनमध्येच बसून घरून आणलेली मिठाई आणि फळं खात. चुका होऊ देत, पण बोलत राहा. वकिलाची जीभ सैल हवी, असं मजमुदार परोपरीने समजावत. उपयोग झाला नाही. सल्ला चांगलाच होता, पण भीती सल्ल्याने जात नाही.

लंडनमध्ये क्लास लावला, त्याचं काय झालं?

लंडनमध्ये दोन गोष्टी झाल्या. दलपतराम शुक्ल यांच्या सांगण्यावरून त्यांनी रोज वर्तमानपत्रं वाचायला सुरुवात केली. भारतात असताना त्यांनी वर्तमानपत्र वाचलेलंच नव्हतं. आता 'डेली न्यूज', 'डेली टेलिग्राफ' आणि 'पॉल मॉल गॅझेट' यांवर रोज तासाभरापेक्षा कमी वेळ नजर फिरवायची. ही सवय लागली आणि टिकली.

दुसरी गोष्ट फसली. इंग्रज साहेबासारखं दिसायचं ठरवल्यावर नाच आणि व्हायोलिनसोबत वक्तृत्वाचाही क्लास लावला. सुरुवातीची फी एक गिनी. बेल नावाच्या लेखकाचं पुस्तक आणलं आणि पिटच्या भाषणापासून धडे सुरू झाले. दोन-तीन धड्यांतच त्यांनी हा नाद सोडला. आयुष्य काही इंग्लंडमध्ये काढायचं नाही, मग हे वक्तृत्व शिकून करायचं काय, हा प्रश्न त्यांना पडला होता.

भाषा येत होती, मग बोलता का येत नव्हतं?

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. १८९१ मध्ये गांधींनी 'द व्हेजिटेरियन' या साप्ताहिकात भारतातल्या शाकाहाराविषयी इंग्रजीत लेखमाला लिहिली. म्हणजे शब्दसंग्रह आणि व्याकरण हाताशी होतं. तरीही शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीत ते गप्प बसत. डॉ. ॲलिन्सन यांना मतभेदावरून मंडळातून काढण्याचा ठराव आला, तेव्हा गांधींना तो अन्याय वाटला. त्यांनी आपलं म्हणणं लिहून आणलं, पण ते दुसऱ्यालाच वाचून दाखवावं लागलं. ठराव डॉक्टरांच्या विरोधात गेला.

व्हेंटनर इथल्या सभेत तर फक्त एक कागद वाचायचा होता. उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी आली, पाय लटपटले. तो कागद मजमुदारांनी वाचला. लंडन सोडताना मित्रांना दिलेल्या मेजवानीत एक विनोदी किस्सा सांगायचा होता. ऐनवेळी तो आठवेना, म्हणून आभार मानून ते खाली बसले.

मुंबईत काय झालं?

१० जून १८९१ रोजी बॅरिस्टर झालेले गांधी मायदेशी परतले. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिला खटला मिळाला, फी ३० रुपये. उलटतपासणीसाठी उभे राहिले आणि एकही प्रश्न सुचेना. फी परत करून ते निघून गेले. पुढे एका नामांकित शाळेची जाहिरात दिसली : इंग्रजी शिकवण्यासाठी शिक्षक हवा, रोज एक तास, पगार ७५ रुपये. गांधींनी अर्ज केला. ते पदवीधर नाहीत म्हणून नकार मिळाला. लंडनची मॅट्रिक झाल्याचं सांगूनही उपयोग झाला नाही.

मग बदल कुठे झाला?

दक्षिण आफ्रिकेत, १८९३ मध्ये. प्रिटोरियातल्या भारतीय व्यापाऱ्यांपुढे त्यांनी व्यापारातल्या सचोटीवर भाषण केलं. आत्मकथेत याला त्यांनी आपलं पहिलं भाषण म्हटलं आहे. समोर आपलीच माणसं होती आणि सांगायला ठोस काहीतरी होतं.

त्याच सभेत त्यांनी इंग्रजी शिकवायची तयारी दाखवली. शिकवणीला तिघे तयार झाले : एक न्हावी, एक कारकून आणि एक छोटा दुकानदार. अट एकच, शिक्षकाने घरी यायचं! गांधी जात. कधी विद्यार्थी धंद्यात गुंतलेला असे, तरी ते कंटाळले नाहीत. सुमारे आठ महिन्यांत दोघांची बरी प्रगती झाली. हिशेब आणि साधी व्यापारी पत्रं त्यांना जमू लागली. न्हाव्याला मात्र गिऱ्हाइकांशी बोलण्यापुरतंच इंग्रजी हवं होतं. मुंबईच्या शाळेने नाकारलेला मास्तर प्रिटोरियात फुकट शिकवत होता.

भीती कायमची गेली का?

नाही. १८९६ मध्ये मुंबईतल्या सभेत दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांचे हाल मांडताना त्यांचा आवाज पुन्हा खाली गेला. सर फिरोजशहा मेहता मोठ्याने वाचा म्हणत राहिले, तसा तो आणखीच बसला. केशवराव देशपांडे मदतीला आले, पण श्रोत्यांना दिनशा वाच्छा हवे होते. उरलेलं भाषण अखेर वाच्छांनी वाचलं.

या संकोचाकडे गांधींनी पुढे तोटा म्हणून पाहिलं नाही. त्यामुळे मोजकं बोलायची सवय लागली, असं ते मानत. इंग्रजीवर हात बसल्यावरही त्यांचं मत बदललं नाही. फेब्रुवारी १९१६ मध्ये बनारसला आपल्याच देशबांधवांपुढे परक्या भाषेत बोलावं लागतं याची लाज वाटते, असं त्यांनी सांगितलं, तेही इंग्रजीतच. १९१७ मध्ये भरूचच्या शिक्षण परिषदेत त्यांनी मातृभाषेतून शिक्षणाची बाजू मांडली. आणि १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी गेले असताना लंडनहून रेडिओवरून अमेरिकेला उद्देशून इंग्रजीत भाषणही केलं.

इंग्रजीतल्या फजितीचे हे बहुतेक किस्से त्यांनी १९२५ पासून 'नवजीवन'मधून क्रमशः लिहिले, मूळ गुजरातीत. त्यांचं इंग्रजी भाषांतर मुख्यतः महादेव देसाई यांनी केलं.