चंदनाचं तेल आणि सर विश्वेश्वरय्या

दरवर्षी १५ सप्टेंबरला आपण अभियंता दिन साजरा करतो. सेमिनार हॉलमध्ये फोटोला हार घातला जातो, पाहुणे धरणांवर बोलतात आणि मागच्या बाकांवर आपली जर्नलं पूर्ण होत असतात. मीही तेच करायचो, उगाच खोटं कशाला बोलू?

पण मी किल्लारीचा. आमच्या गावाला सप्टेंबरची आणखी एक तारीख आहे, ३० सप्टेंबर. १९९३ साली त्या पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, हेच आमचं घर आणि त्या रात्री तेच आमचं मरण झालं. हजारो माणसं गेली. माझा जन्म त्यानंतरचा, नव्या वसाहतीतला. आजी अजूनही भिंतीजवळ खाट टाकू देत नाही.

या दोन तारखांमध्ये पंधरा दिवसांचं अंतर आहे. त्या पंधरा दिवसांत दरवर्षी एक प्रश्न डोक्यात घोळतो. पडलेलं घर बांधून देता येतं, पण पोटाचा धंदा कोण उभा करून देणार? यंदा त्याच प्रश्नापायी मी विश्वेश्वरय्यांचं चरित्र वाचायला घेतलं आणि धरणं शोधता शोधता चंदनाच्या साबणापाशी येऊन पोहोचलो. ती गोष्ट तुम्हाला सांगतो.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्म १८६१ चा, म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळीचा. वडील लवकर गेले. बंगळूरला शिकवण्या करून त्यांनी बी.ए. केलं आणि म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. हेच आजचं सीओईपी. १८८३ मध्ये ते अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले. पुढच्या वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरी लागली आणि पहिली नेमणूक मिळाली नाशिकला. मग खानदेश, सक्कर, सुरत, पुणे. खडकवासल्याच्या धरणावर बसवलेली त्यांची स्वयंचलित दारं आपण सगळ्यांनी व्हायवासाठी पाठ केली आहेत. पाणी ठराविक पातळीच्या वर गेलं की दार आपोआप उघडायचं, पातळी उतरली की मिटायचं.

१९०८ मध्ये त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि परदेश पाहायला निघाले. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला मुसी नदीच्या पुराने हैदराबाद शहराची दाणादाण उडवली. निजाम सरकारने त्यांना बोलावून घेतलं. तेव्हा आपला मराठवाडाही त्याच राज्यात होता, म्हणजे एका अर्थी ते आपल्याच राजधानीत आले होते. पूर अडवायला नदीच्या वरच्या अंगाला जलाशय बांधावेत, असा आराखडा त्यांनी दिला. उस्मानसागर आणि हिमायतसागर पुढे त्यातूनच झाले. आपत्ती आली की मदत वाटून थांबायचं नाही, पुढच्या शंभर वर्षांची सोय करायची, ही त्यांची पद्धत इथे दिसते.

१९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ मध्ये दिवाण. आपल्या गोष्टीला खरी सुरुवात इथून होते.

म्हैसूरच्या जंगलात चंदन भरपूर होतं. टिपू सुलतानच्या काळापासून चंदनाचं झाड सरकारच्या मालकीचं. दरवर्षी लाकडाचा लिलाव व्हायचा, लाकूड जहाजात भरून परदेशी जायचं आणि त्यातलं बरंचसं जर्मनीत पोहोचायचं. तिथले कारखाने त्याचं तेल काढायचे आणि ते तेल अत्तरवाले आणि औषधवाले चढ्या भावाने घ्यायचे. म्हणजे झाड आपलं, जंगल आपलं, तोडणारे हात आपले आणि कमाई मात्र दुसऱ्याची. कापसाची आपली जुनी कहाणी यापेक्षा वेगळी नाही.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं आणि जर्मनीचा रस्ता बंद झाला. चंदन गोदामात पडून राहिलं. संस्थानाच्या तिजोरीला मोठा फटका बसला. एखादा दिवाण युद्ध संपण्याची वाट बघत बसला असता. विश्वेश्वरय्यांच्या राजवटीने मात्र तेल इथेच काढायचं ठरवलं.

ठरवणं सोपं होतं, पण तेल काढायचं कसं? आता थोडं केमिकलवाल्या मित्रांसाठी. चंदनाचं तेल बाहेरच्या पांढऱ्या लाकडात नसतं, ते गाभ्यात आणि मुळांत असतं. म्हणून हे झाड तोडत नाहीत, मुळासकट उपटतात. तेलातला मुख्य घटक सँटॅलॉल. तो नुसता उकळायचा तर तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास न्यावं लागतं आणि तेवढ्या उष्णतेत सुगंधाची वाट लागते. त्यावर उपाय म्हणजे बाष्प ऊर्ध्वपातन. लाकडाचा भुगा करून त्यातून पाण्याची वाफ सोडायची. पाणी आणि तेल या दोघांच्या बाष्पदाबांची बेरीज बाहेरच्या दाबाइतकी झाली की मिश्रण उकळतं, त्यामुळे १०० अंशांच्या आतच तेल वाफेचा हात धरून बाहेर पडतं. वाफ थंड केली की पाणी खाली आणि किंचित हलकं तेल वर. डाल्टनचा नियम परीक्षेपुरता नसतो, हे मला इथे पहिल्यांदा पटलं. १०० किलो चांगल्या गाभ्यातून साधारण ४ ते ६ किलो तेल मिळतं, आणि तेही सावकाश.

हे ज्ञान दिवाणसाहेबांकडे नव्हतं. ते स्थापत्यवाले. पण ते कुठे मिळेल हे त्यांना माहीत होतं. बंगळूरमध्ये जमशेदजी टाटांच्या देणगीतून आणि म्हैसूर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स उभी राहिली होती. तिथले प्राध्यापक सडबरो आणि वॉटसन यांनी प्रयोगशाळेत चंदनाचं तेल काढून दाखवलं. संस्थानाच्या उद्योग खात्याचे अल्फ्रेड चॅटर्टन यांनी त्या प्रयोगाला कारखान्याचं रूप दिलं. १९१६ मध्ये बंगळूरला तेलाचा कारखाना सुरू झाला आणि पाठोपाठ १९१७ मध्ये म्हैसूरला दुसरा. लाकूड वनखात्याचं, विद्या संस्थेची, पैसा संस्थानाचा. ज्याच्याकडे जे होतं ते त्याने आणलं.

पण नुसतं तेल विकणं म्हणजे पुन्हा कच्चा मालच विकणं. त्यापुढची पायरी साबणाची. त्यासाठी सोसले गरळपुरी शास्त्री या तरुण रसायनतज्ज्ञाला साबणाचं शास्त्र शिकायला इंग्लंडला पाठवलं. परत आल्यावर त्यांनी साबण आणि त्याचा सुगंध यांची जुळणी केली आणि १९१८ मध्ये म्हैसूर सँडल सोप जन्माला आला. लोक त्यांना पुढे साबण शास्त्री म्हणू लागले. तो लंबगोल आकार, दागिन्याच्या पेटीसारखं खोकं, त्यावरचा सिंहाच्या धडाचा आणि हत्तीच्या तोंडाचा शरभ, हे सगळं आजही तसंच आहे. आमच्या घरी दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला हा साबण निघतो. तो युद्धातल्या अडचणीतून आला हे मला विसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं.

याच काळात त्यांच्या कारकिर्दीत म्हैसूर बँक, म्हैसूर विद्यापीठ आणि बंगळूरचं अभियांत्रिकी महाविद्यालय उभं राहिलं. साबणाचा कारखाना एकटा चालत नाही. त्याला कर्ज देणारी बँक लागते आणि शिकलेला माणूसही लागतो, हे त्यांना कळत होतं.

आता एक बाजू, जी हारांच्या फोटोखाली कुणी सांगत नाही. १९१८ मध्ये महाराजांनी मागास समाजाला सरकारी नोकऱ्यांत वाटा देण्यासाठी मिलर समिती नेमली. विश्वेश्वरय्यांना ते मान्य नव्हतं, नेमणूक फक्त गुणवत्तेवर व्हावी असं त्यांचं मत होतं. या मतभेदातून त्यांनी दिवाणपद सोडलं. मला इथे महाराजांचं बरोबर वाटतं. शिष्यवृत्तीचा आधार नसता तर मुद्देनहळ्ळीचा मुलगा पुण्यापर्यंत पोहोचला नसता. आमच्या हॉस्टेलमधले निम्मे लोकही अशाच आधारावर इथे आहेत. मोठ्या माणसाचं सगळंच पटलं पाहिजे असं थोडंच आहे?

दुसरी गोष्ट चंदनाचीच. झाड सरकारचं, या कायद्यामुळे शेतकऱ्याला बांधावर चंदन उगवलं तर ती कटकट वाटायची. लावणार कोण? जंगल घटत गेलं, चोरी वाढली आणि कारखान्याला लाकूड कमी पडू लागलं. कर्नाटकने कायदा बदलून झाडाची मालकी शेतकऱ्याला दिली ती २००१ मध्ये. कारखाना उभा करताना सगळ्यांना सोबत घेतलं, पण ज्याच्या मातीत झाड वाढतं तो भागीदार तेवढा राहून गेला. त्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली.

दिवाणपद सुटलं तरी माणूस थांबला नाही. अडचणीत आलेला भद्रावतीचा लोखंड कारखाना त्यांनी पुढे काही वर्षं सांभाळला. १९५५ मध्ये भारतरत्न मिळालं आणि १९६२ मध्ये, शंभरी पार करून ते गेले. त्यांच्या मेणबत्तीच्या आणि रेल्वे रुळाच्या गोष्टी तुमच्या मोबाईलवर दहा वेळा येऊन गेल्या असतील. त्या खऱ्या की खोट्या या वादात मी पडत नाही. मला गोदामात पडलेल्या लाकडाची गोष्ट पुरेशी आहे.

मराठीत आपण म्हणतो, चंदनासारखं झिजावं. आमच्या गावाने झिजणं खूप पाहिलंय. भूकंपानंतर देशभरातून लोक धावून आले, घरं बांधून दिली, आम्ही ते कधी विसरणार नाही. पण घर मिळाल्यावर पुढचं काम आमच्या पिढीचं. आमच्याकडे चंदनाचं जंगल नाही. तूर आहे, सोयाबीन आहे आणि तुमच्यासारखे चार शाखांचे मित्र आहेत. लातूरच्या डाळमिलांनी तुरीची डाळ इथेच करून दाखवली, मग त्यापुढच्या पायऱ्या आपल्याला का जमू नयेत?

म्हणून यंदा फायनल इयरच्या प्रोजेक्टला मी मेकॅनिकलचा असूनही एक केमिकलचा आणि एक आयटीचा पार्टनर शोधतोय. विषय गावाकडचाच घेणार आहे. शेतकरी मात्र पहिल्या दिवसापासून टीममध्ये असेल, एवढं आत्ताच ठरलंय. कुणाला यायचं असेल तर मेसमध्ये रात्री आठनंतर भेटा. चहा माझ्याकडून!